फुटक्या दिंडांची पंचमी

लग्न होऊन मी बंगळूरला निघाले, तेव्हा आईनं माझ्याबरोबर गव्हाचं पोतं दिलं. कोपरगाव स्टेशनात, भर दुपारी, आण्णा ते पोतं खांद्यावरून उतरवून बाकाखाली सारत होते आणि मी लाजेनं मरत होते. नवी साडी, नवीकोरी चाकाची बॅग, शेजारी नवा नवरा, आणि पायाशी सुतळीनं शिवलेलं पोतं. त्यावर आण्णांनी निळ्या शाईनं ठसठशीत ‘वैशाली’ लिहिलेलं, म्हणजे चोरणाऱ्यालाही कळावं की तो कुणाचा गहू नेतोय.

‘आई, तिकडं गहू मिळतो गं,’ मी दातओठ खात म्हटलं.

‘मिळत आसंल. पन आपला न्हाई मिळत. तिकडं समदे भात खात्यात. भातानं अंगात काय ऱ्हातं?’

गाडी हलली. खिडकीबाहेर माझी आई पदर सावरत गाडीबरोबर चालायला लागली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, जे मी जन्मभर जपून ठेवीन. तर ती ओरडली, ‘पोतं उन्हात दाखव गं, न्हाईतर किडं हुत्याल!’ डब्यातले लोक हसले. नवरा तर त्या सगळ्यांशी जुनी ओळख असल्यासारखा खिदळला.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना असलं पोतं माहीत असेल. कुणाला शेंगदाण्याचं, कुणाला कुरडयांचं. आणि जे मागं राहिले, त्यांनी ती पोती भरली असतील. तुम्हाला दोघांनाही सांगते, त्या पोत्यानं मला जेवढं छळलंय तेवढं सासूनंही छळलं नाही.

दर उन्हाळ्यात गहू निघाला की पोतं यायचंच. कधी ट्रॅव्हल्सच्या डिकीत, कधी ओळखीच्या कुणाच्या गाडीत. मी ते आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पसरायचे. शेजारच्या कन्नड आंटी वाकून बघत विचारायच्या, ‘वैशाली, बिझनेस शुरू किया क्या?’ ऑफिसातून दमून आल्यावर मी गहू पाखडत बसायचे, कारण आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि ती पहिलं पोतं दाखवायला सांगायची, मग माझं तोंड.

आणि तोंड बघून तिला धसका बसायचा, कारण मी वाळत चालले होते. जेवलं की पोटात कळा, पोट फुगून ढोल, केसांचे पुंजके हातात, जिना चढताना दम. रक्त कमी म्हणून गोळ्या, गोळ्यांनी गुण नाही. आईचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं, ‘भात खाऊन वाळली. पोळी खा.’ मी पोळी खायचे आणि आणखी आजारी पडायचे. मग ती आणखी गहू पाठवायची.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी शोध लावला. गव्हातला जो चिकटपणा, ज्याच्यावर पोळी फुगते, तोच माझ्या आतड्याला चालत नाही. गहू, रवा, मैदा, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही. मी दवाखान्यातून बाहेर येऊन रिक्षात बसले आणि हसायलाच लागले. घरी बाल्कनीत अर्धं पोतं होतं.

आता आईला हे सांगायचं म्हणजे काय, ते कळायला तिचं माहेर कळायला हवं. ती खर्ड्याकडची. जामखेड तालुका, कोरडाठाक मुलूख. लहानपणी तिनं ज्वारी खाल्ली, पुन्हा ज्वारी आणि पाऊस बरा झाला तर आणखी ज्वारी. लग्न होऊन कोपरगावला आली तर इथं पाटाचं पाणी, ऊस, आणि घरात गव्हाची कोठी. कोठी! ती सांगते की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूनं पोळ्या लाटायला बसवलं, तर तिला वाटलं आज कसला तरी सण आहे. सण नव्हता. साधा बुधवार होता. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा झाली आहे की ‘साधा बुधवार’ म्हटलं तरी आण्णा उठून बाहेर जातात. पण तिच्यासाठी गहू हे धान्य नाहीच. खर्डा सुटल्याचा तो पुरावा आहे.

अशा बाईला मी फोनवर सांगितलं, मला गहू चालत नाही.

ती म्हणाली, ‘गहू कुनाला बाधतो व्हय? डागदर बदल.’

मी समजावलं. आतडं समजावलं, चिकटपणा समजावला. तिला पटेना. पुढच्या फोनवर सांगितलं की बाजारच्या डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळं तोही बंद, तर म्हणाली, ‘मंग आता देवात बी गहू हाय म्हन!’ आणि फोन ठेवला.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? लेक आजारी आहे म्हटलं तर लोक नाही नाही ते बोलतील, म्हणून तिनं गावात सांगून टाकलं की वैशूनं गहू सोडलाय, नवस आहे. झालं! सणावाराला घरी गेले की ज्या बाईच्या घरी हळदीकुंकवाला जावं ती डोळे बारीक करून विचारणार, नवस कसला? मला एकच मुलगी. म्हणजे नवस मुलासाठी, हे त्यांनी परस्पर ठरवलं. मग कुणी अंगारा देतंय, कुणी माझ्या पोटाकडं बघतंय. आमच्या शेजारच्या भागामावशींनी तर ‘नवस फिटला का गं?’ असं मला भर बाजारात विचारलं. पोट फुगलेलं दिसलं असणार त्यांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरी रड पंचमीची. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात आणि पुरणाची दिंडं होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, दळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. नागोबाला इजा व्हायला नको. मग पोळी कशी करणार? म्हणून कणकेची पारी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि भगुल्यावर चाळण ठेवून वाफवायची. वर तुपाची धार. बंगळूरहून शिर्डीचं विमान सुरू झाल्यापासून मी पंचमी चुकवलेली नाही. अख्खं विमान साईबाबांना निघालेलं असतं आणि आम्ही तिघंच दिंडांना.

दिंडांचा आईचा एक कायदा आहे. फुटकं दिंड लेकीच्या ताटात वाढायचं नाही. घडी उकलली, पुरण बाहेर आलं, की ते दिंड करणारीनं खायचं, नाहीतर आण्णांनी. लेकीला चौकोनी, घट्ट, अंगावर सुरकुती नसलेलं. कुठल्या शास्त्रात लिहिलंय विचाराल, तर तिच्या.

आता बिनगव्हाचं दिंड करायचं म्हणजे त्याची घडीच बसत नाही. बंगळूरला मी काय काय केलं नाही! मॉलमधून ‘ग्लूटेन-फ्री’चं पाकीट आणलं, सोन्याच्या भावाचं. त्याची कणीक ओल्या वाळूसारखी. लाटलं की कडा चिरफळायच्या, उचललं की तुकडे. नाचणीचं केलं, ते वाफेवर बसलं ते उठलंच नाही. तांदळाची उकड काढून केलं, छान झालं. आनंदानं आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘हे दिंड न्हाई, मोदक हाय. गनपतीचं जेवान नागोबाला दावतीस का?’ आपण काय कोकणातले आहोत, असंही वर.

शेवटी जमलं ते ज्वारीच्या उकडीत. भाकरीला काढतो तशी उकळत्या पाण्यातली उकड, आणि तिच्यात भिजवलेला इसबगोल. हो, तोच, आण्णा झोपताना कोमट पाण्यातून घेतात तो. इसबगोल भिजला की बुळबुळीत होतो आणि पीठ धरून ठेवतो. पारी लाटता येते, घडी बसते, दिंड दिंडासारखं दिसतं. मला तर वाटलं मी किल्ला जिंकला.

आईनं इसबगोलाची पुडी बघितली आणि स्वयंपाकघरात जे रामायण झालं ते काय सांगू. ‘देवाच्या निवदात जुलाबाचं औषध? आन् वर सनासुदीला जवारी? आगं, सनाला जवारी कोन खातं? आमी खाल्ली तेवढी पुरं झाली न्हाई का?’ मी ओरडले की जुलाबाचं नाही, ते नुसतं टरफल आहे. ती ओरडली की टरफल जातं कुठं, ते आण्णांना इचार. आण्णा नेहमीप्रमाणे बाहेर निघून गेले. माझी वहिनी, रेश्मा, ओट्याकडं तोंड करून हसत होती. अखेर तह झाला. माझ्यापुरती ज्वारीची दिंडं आई वेगळी करणार, वेगळ्या चाळणीत, आणि मी स्वयंपाकघरात लुडबुड करणार नाही.

जेवायला बसलो. माझ्या ताटात ज्वारीची दिंडं आली, चौकोनी, घट्ट, बिनसुरकुतीची. मला भरून आलं. म्हटलं, बघा, आईनं शेवटी इसबगोल घातलाच. तूप घालून पोटभर खाल्ली.

संध्याकाळी कळा सुरू झाल्या. उलट्या झाल्या, अंग थंड पडलं, माझी मुलगी घाबरून रडायला लागली. आई उशाशी बसून ओवा चोळत होती आणि चोळता चोळता म्हणाली, ‘मूठभर कनकीनं एवढं हुतंय?’

तिनं कणीक घातली होती. दिंडं फुटायला लागली, इसबगोलाला तिचा हात धजेना, आणि लेकीच्या ताटात फुटकं दिंड कसं वाढायचं? म्हणून बांधायला मूठभर कणीक. तिच्या हिशेबानं तिनं मला जपलं होतं! मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं की मी म्हटलं, ‘आजपासून मी तुझ्या हातचं खाणार नाही.’ आणि मी बोलल्याप्रमाणं वागले, कारण मला पर्यायच नव्हता. भांडण दोन दिवसांत मिटलं, पण विश्वास कुठून आणायचा? ती म्हणणार, यात गहू नाही, आणि मी बघणार चौकोनी घट्ट दिंडाकडं.

त्यानंतरच्या पंचमीला मी डबा घेऊन गेले. विमानात साईभक्तांच्या हारतुऱ्यांच्या पिशव्यांशेजारी माझा स्टीलचा डबा. माहेरच्या पंगतीत सगळ्यांच्या ताटात दिंडं आणि मी आपली कोपऱ्यात बंगळूरचा गार पुलाव चमच्यानं खातेय. काय तो अपमान! तिचाही आणि माझाही. आई वाढत होती, माझ्यापाशी आली की ताट ओलांडून पुढं जात होती. स्वतः जेवली नाही. निघताना आण्णा दाराशी एवढंच म्हणाले, ‘डबा घेऊन लेक माहेरी येती, आसं कुठं बघितलं न्हवतं.’ त्यांनी टोमणा मारला की नुसतं सांगितलं, मला आजही कळलेलं नाही. विमानतळाच्या वाटेवर मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वर्षी नकोच यायला. फोनवरच पंचमी करू.

तरी या वर्षी गेलेच. डबा होताच बरोबर.

घरात पाय ठेवला तर गव्हाची कोठी जागेवर नाही. फरशीवर नुसता गोल डाग. रेश्मा वहिनीनं मला बाजूला ओढून सांगितलं की सासूबाईंनी कोठी बैलाच्या पडवीत हलवायला लावली, सगळं स्वयंपाकघर दोनदा धुतलं, पोळपाट नवीन आणला. गिरणीत आधीच्या गव्हावर ज्वारी पडते म्हणून आदल्या दिवशी ज्वारी घरच्या मिक्सरवर दळायला घेतली. पीठ झालं, पण मिक्सर तापून जळाला. वहिनीच्या माहेरचा होता मिक्सर, त्यामुळं तिचा चेहराही जरा तसाच होता. ‘काल दोन्ही येळंला आम्ही समद्यांनी भाकरीच खाल्ली ताई,’ ती म्हणाली, ‘पोरं वैतागलीत.’

मला बरं वाटलं आणि संतापही आला. आधी एवढं केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आईला बोलायची सोय नव्हती. ती मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देईना.

नैवेद्य आला तेव्हा भागामावशी आमच्याकडंच होत्या, लाह्या द्यायला आलेल्या. भिंतीवर गेरूनं काढलेल्या नागोबापुढं आईनं ताट ठेवलं आणि मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, ‘आगं बया! दिंडं फुटली की गं समदी! आन् आशी काळी का?’

खरंच, एकही धड नव्हतं. कोपरे उकललेले, मधे भेगा, पुरण बाहेर ओघळून चाळणीची छिद्रं त्यावर उमटलेली. माझ्या आईनं, जिचं एक दिंड फुटलं तरी ती ते लपवून खायची, असलं ताट देवापुढं आणि भागामावशींपुढं ठेवलं होतं.

‘जवारीची हायेत,’ आई म्हणाली.

‘सनाला जवारी?’

‘व्हय. वैशूला गहू बाधतो. दुखनं हाय तिला, जल्माचं. नवस-बिवस काय न्हाई, म्या खोटं बोलल्ते.’ आई थांबली असती तर तिचं नाव काय! ‘आन् आमच्या खर्ड्याला जवारीचीच व्हायची दिंडं. गहू हुता कुनाकडं? लगीन हुईस्तोवर फुटकीच खाल्ली म्या. मेले का?’

मी आजवर तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. साधा बुधवार शंभर वेळा ऐकला, हे एकदाही नाही. म्हणजे लेकीला फुटकं वाढायचं नाही, हा कायदा कुठून आला ते मला माझ्या चाळिशीत कळलं, तेही भागामावशींच्या कृपेनं.

पंगत बसली. माझ्या ताटात फुटकं दिंड आलं. मांडीशी डबा होता. मला खायचं होतं हो, पण हात पुढं होईना. मागच्या त्या संध्याकाळची भीती पोटातच बसलेली, ती अशी बोलण्यानं जात नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. आण्णांनी घास हातातच धरून ठेवला होता.

आई तुपाची वाटी घेऊन समोर उकिडवी बसली. बोटानं त्या दिंडाची भेग दाखवत म्हणाली, ‘फुटलंय का न्हाई? फुटलंय म्हंजी गहू न्हाई. आसता तर फुटलं आसतं व्हय? खा बिनघोर.’

मी खाल्लं. ज्वारीची चव पुरणाच्या वर चढत होती, कडा जाड होत्या, गूळ कमी होता. मी दुसरं मागून घेतलं. आईनं तिसरं न मागता टाकलं. रात्री पोट दुखलं नाही. डबा मी तसाच परत आणला आणि विमानतळावर नवऱ्यानं त्यातला पुलाव उभ्याउभ्या खाल्ला.

बंगळूरला माझी दिंडं देखणी होतात. चौकोनी, गुळगुळीत, फोटोत गव्हाचीच वाटतात. इथल्या मराठी मंडळातल्या बायका रेसिपी मागतात आणि मी इसबगोलाचं नाव जरा हळू आवाजात सांगते. पण माहेर म्हटलं की मला आता ते देखणं दिंड आठवत नाही. स्टेशनवरचं पोतं नाही, कोठी नाही. मला ती भेग आठवते, आणि तिच्यावर ठेवलेलं आईचं बोट.

तरी माझी खोड जात नाही. परवा फोनवर म्हटलं, ‘आई, पुढच्या पंचमीला चिमूटभर तरी इसबगोल घाल गं. निदान घडी तरी बसेल. इतकी फुटकी बरी दिसत नाहीत.’

‘न्हाई घालायची,’ ती म्हणाली.

‘अगं पण का? ते औषध नाही, टरफल आहे, हजारदा सांगितलं तुला!’

‘टरफल आसंल न्हाईतर सोनं आसंल,’ आई म्हणाली. ‘न्हाई फुटलं, तर तुला कसं कळंल?’